उतारा किती पडला?

बाबांना फोनवर सांगितलं की मी इटलीत शेतावर तीन आठवडे राहायला चाललेय, ऑलिव्ह काढायला, पैसे नाही मिळणार पण राहणं-जेवण त्यांच्याकडेच, तर पलीकडून बराच वेळ काही आवाजच नाही. मला वाटलं रेंज गेली. मग एवढंच म्हणाले, "म्हणजे वेठीला."

आमच्या घरात हा शब्द साधा नाही. माणगाव तालुक्यातलं आमचं गाव खोती गाव, म्हणजे जमीन खोताच्या, गावच्या जमीनदाराच्या ताब्यात, पणजोबा त्याचं कूळ. भात झोडून झालं की खळ्यावरच निम्मं खोताचं, त्याला अर्धल म्हणायचे, आणि ते देऊन झाल्यावर पुन्हा वर्षातले ठरावीक दिवस खोताच्या शेतावर नुसतंच राबायचं, बैल आपले, नांगर आपला, भाकरीसुद्धा घरून बांधून न्यायची. ती वेठ. आजीने हे स्वतः भोगलेलं नाही फारसं, पण तिच्या सासूने तिला सांगितलेलं आणि तिने आम्हाला, की आपल्या दाढीतला, म्हणजे भाताच्या वाफ्यातला, तरवा पिवळा पडत चाललाय, पाऊस बरा लागलाय, आणि घरातली कर्ती माणसं मात्र खोताच्या चिखलात लावणीला. पुढे कूळकायदा आला १९४८ ला, खोती रद्द करणारा कायदा १९४९ ला, तरी ३२ ग ची, म्हणजे कुळाने जमीन विकत घ्यायची, केस होऊन आमच्या नावावर जमीन चढायला साठचं दशक उजाडलं. तो पहिला सातबारा बाबांनी लॅमिनेट करून कपाटात ठेवलाय, घरातल्या देवांच्या फोटोंबरोबर.

तेव्हा तो शब्द मला लागला, आणि तीन आठवडे तो माझ्याबरोबर होता, शिडीवर पण आणि जेवणाच्या टेबलावर पण.

मी जर्मनीत मास्टर्स करत होते, थिसिस सबमिट झाला आणि हातात दीड महिना मोकळा. फिरायचं होतं पण पैसे बेताचे, आणि खरं सांगायचं तर म्युझियम आणि चर्च बघून बघून मला आता कुणाच्या तरी घरात बसून चहा प्यावासा वाटत होता. होस्टेलमधल्या एका मैत्रिणीने वूफिंगबद्दल सांगितलं. ह्याची सुरुवात १९७१ ची, लंडनमध्ये सेक्रेटरीची नोकरी करणाऱ्या सू कॉपर्ड ह्या बाईंनी केलेली. शहरात राहणाऱ्या माणसाला शेतावर जायला मिळतच नाही, ज्यांचं गावात कुणी नाही त्यांनी जायचं कुठे, म्हणून त्यांनी ससेक्समधल्या एका कॉलेजच्या शेतावर चार जणांचा वीकएंड ठरवला, काम करायचं आणि राहायचं. तेवढ्यावरून आज शंभराहून जास्त देशांत हे चालतं. मेंबर व्हायचं, यादीतून शेत निवडायचं, त्यांना पत्र लिहायचं. दिवसाचे पाचेक तास काम, बदल्यात पलंग आणि जेवण, पैशाचा व्यवहार दोन्ही बाजूंनी नाही.

पहिलं शेत चुकलंच. कुठलं ते लिहीत नाही, पण तिथे सकाळी सातपासून दिवेलागणीपर्यंत काम, मालक गाडीतून येऊन बघून जायचा आणि आम्हा चौघांचं जेवण वेगळं, आदल्या दिवशी पाहुण्यांना वाढून उरलेलं. चौथ्या दिवशी मी बॅग भरली आणि बसने निघाले. बसमध्ये बाबांचा शब्द डोक्यात फिरत होता आणि वाटत होतं बरोबरच होतं त्यांचं. पण दुसऱ्या शेताचं आधीच ठरलेलं, आणि ते शेत मी एका वेगळ्याच कारणासाठी निवडलेलं, म्हणून गेले.

ते कारण म्हणजे यशवंत घाडगे. माणगावात लहानाचं मोठं झालेल्या माणसाला हे नाव सांगावं लागत नाही, तिथे त्यांचा पुतळा आहे आणि शाळेत असताना आम्हाला त्यांची गोष्ट पाठ होती. मराठा लाईट इन्फंट्रीचे नाईक, आमच्याच तालुक्यातले, वय बावीस. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ ला, मशीनगनच्या माऱ्यात बरोबरचे सगळे एकतर मेले नाहीतर जखमी झाले तेव्हा हा माणूस एकटा त्या ठाण्यावर धावून गेला, ग्रेनेड टाकला, गोळ्या संपल्यावर मॅगझीन बदलायला वेळ नाही म्हणून बंदुकीच्या दस्त्याने शेवटच्या दोघांना मारलं, आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून तिथेच पडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक. शाळेत सांगताना फक्त "इटलीत" असं सांगायचे. इटलीत कुठे, तर टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, उंब्रिया प्रांतात. रोममधून वाहते तीच टायबर, पण इथे ती अगदी आमच्या काळ नदीएवढी, काठाने झाडी आणि दोन्ही बाजूला टेकड्या. यादीत त्या खोऱ्यातलं एक शेत दिसलं, ऑलिव्ह, थोडा भाजीपाला, कोंबड्या, घरात तीन माणसं, आणि मी पत्रात सगळं लिहिलं, पुतळ्यासकट. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, ये म्हणून.

घरात आजी, वय शहाऐंशी, तिचा पन्नाशीतला मुलगा आणि सून. इटालियनमध्ये आजीला नोन्ना म्हणतात, सगळे तिला तेच म्हणत होते म्हणून मीही. सुनेला इंग्लिश येत होतं, मुलाला थोडंफार, नोन्नाला अजिबात नाही, पण ती माझ्याशी बिनदिक्कत तिच्या भाषेत बोलायची आणि मी न राहवून कधीकधी मराठीत उत्तर द्यायचे, आणि आमचं चालायचं.

कामाचं सांगते. नोव्हेंबरचा पहिला आठवडा, सकाळी गवतावर दव इतकं की बुटांच्या आत मोजे ओले. झाडाखाली आधी जाळी अंथरायची, मोठ्या हिरव्या जाळ्या, दोन बाजूंनी बुंध्याला चिकटवून. उतार असल्यामुळे खालच्या बाजूला काठ्या टोचून जाळीची कड उचलून धरायची, नाहीतर निम्मी फळं गडगडत खालच्या शेतात. मग हातात प्लास्टिकची फणी घेऊन फांदी वरून खाली विंचरायची. मुलाकडे बॅटरीवर चालणारी लांब दांड्याची एक होती, तिची बोटं थडथडतात आणि शेंड्याची फळं खाली येतात. मी कोकणातली, माझ्या हाताला आंबा उतरवायची सवय, झेल्यात एकेक फळ घ्यायचं, देठासकट, देठ तुटला की चीक सांडतो आणि फळ डागाळतं, मग बाजारात त्याला कोण विचारणार. त्यामुळे पहिल्या सकाळी मी ऑलिव्हसुद्धा एकेक करून देठाशी धरून तोडत होते. नोन्ना खालून बघत होती. काही न बोलता आली, माझा हात धरला आणि फांदीवरून सर्रकन ओढला. मूठभर फळं जाळीवर. काही हिरवी, काही जांभळी, काही अर्धी अर्धी. म्हणाली (सुनेने नंतर सांगितलं) की ह्याचं तेल करायचंय, लग्न नाही लावायचंय.

एकदा मात्र रागावली. मी बुटांनी जाळीवर चालत पलीकडे गेले, पायाखाली फळं चिरडली. चिरडलेलं फळ हवेने लगेच खराब व्हायला लागतं आणि तेवढ्याने सगळ्या क्रेटच्या तेलाला वास येतो. त्यानंतर मी जाळीच्या कडेकडेनेच फिरले, अजूनही घरात कुठे काही वाळत घातलं असलं तर पाय आपोआप बाजूने पडतो.

झाडं बघून मला पहिल्या दिवसापासून एक कोडं होतं. एकेका झाडाला एक बुंधा नाही, तीन. तीन-चार हातांवर गोल उभे असल्यासारखे, आणि वर जाऊन एकच घेर. मध्ये काय आहे बघायला मी एकदा ओणवी झाले. मध्ये परातीएवढं एक लाकूड जमिनीत, कुजून मऊ झालेलं, काळपट, मधोमध खळगा, खळग्यात शेवाळ आणि पडलेली चार-पाच सुरकुतलेली ऑलिव्ह. बोट लावलं तर भुगा. हे जुनं झाड. १९८५ च्या जानेवारीत ह्या भागात इतकी थंडी पडली की पारा शून्याखाली वीसच्या आसपास गेला आणि मध्य इटलीतली ऑलिव्हची झाडं लाखांनी वाळली, सालं फुटून. नोन्नाच्या नवऱ्याने वसंत ऋतूपर्यंत वाट बघितली, पालवी येतेय का म्हणून, आली नाही, मग एकेक झाड करवतीने जमिनीबरोबर कापलं. नोन्ना म्हणाली वर्षभर मी ह्या बाजूची खिडकी उघडली नाही. पण ऑलिव्हचं मूळ मरत नाही, पुढच्या वर्षी खुंटाच्या कडेने फुटवे आले, वीस-वीस, त्यातले तीन ठेवून बाकी काढले. ते हे तीन. पुन्हा धड पीक मिळायला सात-आठ वर्षं गेली.

त्या रात्री मी बाबांना हे सांगितलं आणि तेव्हा ते पहिल्यांदा नीट बोलले. कारण निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, आमची सतरातली अकरा कलमं आडवी झाली होती, मुळासकट, आणि मूळच वर आल्यावर फुटवा कुठून येणार. श्रीवर्धनकडे तर सुपारीच्या बागाच्या बागा गेल्या, पिढ्यान्पिढ्यांच्या. बाबांनी त्यानंतर नवीन कलम लावलं नाही. मी विचारलं की म्हणायचे, लावलं तरी धरायला आठ-दहा वर्षं, कुणासाठी. आता म्हणाले, "तिच्या नवऱ्याचं वय काय होतं, तोडली तेव्हा?" मी दुसऱ्या दिवशी विचारून सांगितलं, बावन्न. बाबा तेव्हा अठ्ठावन्नचे होते, वादळात. ते काही बोलले नाहीत, मीही नाही.

क्रेट भरले की गिरणीवर न्यायचे. साठवून चालत नाही, ढीग तापतो आणि आंबतो, म्हणून एक-दोन दिवसांत दळलंच पाहिजे, त्यामुळे हंगामात गिरणी रात्रभर चालू आणि प्रत्येकाला वेळ ठरवून दिलेली. आमची रात्री साडेदहाची. आत पाऊल टाकलं आणि वास आला, ओल्या गवताचा आणि कच्च्या टोमॅटोच्या पानाचा मिळून असेल तसा. काट्यावर क्रेट चढवले. गिरणीवाला ओरडला "क्वात्रो क्विंताली". क्विंताली! मला इतकं छान वाटलं, सहाशे-सातशे वर्षं जुन्या गावातल्या गिरणीत मध्यरात्री कुणीतरी क्विंटल म्हणतंय. चार क्विंटल बारा किलो. आधी पंख्याने पाला उडवतात, मग धुतात, मग बियांसकट दळतात, आणि तो जांभळट लगदा बंद टाकीत अर्धा-पाऊण तास हळूहळू घुसळत ठेवतात, म्हणजे तेलाचे बारीक थेंब एकमेकांना भेटून मोठे होतात. ताक घुसळताना लोणी जमतं ना, तोच प्रकार. ह्यात तापमान सत्तावीसच्या वर जाऊ द्यायचं नाही, गेलं तर तेल जास्त निघतं पण बाटलीवर थंड पद्धतीने काढलेलं असं लिहिता येत नाही, आणि वासही जातो. मुलगा त्या काचेपाशी उभा राहून आकडा बघत होता, अगदी हॉस्पिटलात बाहेर उभं राहतात तसा. शेजारी दुसरं एक कुटुंब आपल्या क्रेटवर हात ठेवून बसलेलं, आपलं दुसऱ्यात मिसळू नये म्हणून. बाराला नळातून तेल आलं, आणि ते तेलासारखं दिसतच नाही, पोपटी, गढूळ, दाट. सुनेने ब्रेडचा तुकडा भाजून त्यावर ओतलं. आधी कडू, मग घशात तिखट जाळ, मला ठसका लागला आणि गिरणीतले सगळे खूश, म्हणे ठसका लागला म्हणजे माल चांगला. त्या ब्रेडमध्ये मीठ नसतं, उंब्रियात तशीच पद्धत आहे, बाहेरून येणारे नाकं मुरडतात पण भाकरीवर वाढलेल्या माणसाला त्यात काय वाटणार.

तिथूनच बाबांना व्हिडिओ पाठवला. आपल्याकडे पहाटेचे साडेचार वाजून गेले असतील, ते उठलेले असतात. लगेच रिप्लाय आला, "उतारा किती पडला?"

मी काट्यावरचं बघून लिहिलं, चोपन्न किलो. शंभराला तेरा. मग त्यांनी विचारलं पेंडीचं काय करतात, गिरणीवाला दळणावळीचे पैसे घेतो की तेल घेतो, एका झाडाला किती किलो, मजूर मिळतात का. अर्धा तास. वेठीचं नाव नाही. मी क्रेटवर बसून टाईप करत होते आणि मला रडू येत होतं, थकल्यामुळे पण असेल.

आता अर्धलीचं. एका दुपारी पाऊस लागला, काम बंद, आम्ही सगळे चुलीपाशी. नोन्ना तोर्ता अल तेस्तो करत होती. तेस्तो म्हणजे जाड गोल तवा, पूर्वी मातीचा असायचा, आता बिडाचा, तो निखाऱ्यांवर ठेवून त्यावर बोटभर जाड पोळी भाजतात, चाकवतासारख्या रानभाजीबरोबर खातात. ती भाजता भाजता सांगायला लागली आणि सून भाषांतर करत गेली. ती ह्या घरात १९५८ ला लग्न होऊन आली तेव्हा घरात अकरा माणसं आणि जमीन पेरुजा शहरातल्या एका मालकाची. मेद्झाद्रिया. मेद्झो म्हणजे अर्धं. गहू, तेल, दारू, वासरू, सगळ्याचं निम्मं मालकाला. मालकाचा कारभारी वही घेऊन मळणीला उभा. शिवाय नाताळला खच्ची केलेले कोंबडे आणि ईस्टरला अंडी मालकाच्या घरी पोचवायची, ती वेगळी. युद्धानंतर शेतकऱ्यांनी संप केले तेव्हा शेतकऱ्याचा वाटा ५३ टक्के झाला, १९६४ च्या कायद्याने ५८ झाला आणि नवे करार बंद, मग मालकांनी जमिनी विकायला काढल्या, ह्यांनी कर्ज काढून घर आणि पाच हेक्टर घेतलं. हे सांगताना तिने हाताची कड करून हवेत वरून खाली आणली, खळ्यावरच्या राशीचे दोन भाग करतात तशी. आणि मी बघतच राहिले, कारण माझी आजी अगदी हेच करायची. हाच हात. मी म्हटलं आमच्याकडे ह्याला अर्धल म्हणतात. ती दोनदा म्हणाली, "अर्दल, अर्दल."

मग मी तिला आमचं सांगितलं. अलिबागकडे चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून १९३३ पासून सहा वर्षं जमीनच कसली नाही, लाकडं तोडून विकली, उपाशी राहिले पण खोताचं शेत पिकवलं नाही. बाबासाहेबांनी १९३७ ला खोती रद्द करायचं बिल आणलं. १० जानेवारी १९३८ ला मुंबईत कौन्सिलवर शेतकऱ्यांचा मोर्चा गेला, कोकणातून बोटीने माणसं आली. नोन्ना चुलीकडे पाठ करून ऐकत होती. सहा वर्षं? तिने बोटांनी विचारलं. मी हो म्हटलं. ती तोर्ता उलटायची विसरली, एक बाजू करपली, तीच तिने स्वतःच्या ताटात घेतली.

आणि त्यावेळी सुनेने मला एक सांगितलं जे नोन्नाने सांगितलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी मुलाने वूफिंगमध्ये नाव घालायचं म्हटलं तेव्हा घरात भांडण झालं होतं. नोन्ना म्हणाली होती, आम्ही जन्मभर दुसऱ्याच्या शेतावर निम्म्यावर राबलो आणि आता तुम्ही लोकांच्या पोरांना फुकट राबवणार? माझ्या घरात हे नको. तिने तीन अटींवर मान्य केलं. घरचं माणूस शिडीवर असेल तरच पाहुण्याने शिडीवर चढायचं. एकाच्या ठोक्याला काम बंद, ती स्वतः गच्चीवरून हाक मारणार. आणि जेवण एकाच टेबलावर, एकाच भांड्यातलं. मला ती हाक रोज ऐकू येत होती, मला वाटायचं जेवायला बोलावतेय.

म्हणजे माझे बाबा माणगावात बसून जे म्हणत होते तेच ही बाई इथे म्हणत होती, एकमेकांना न बघता.

मी खूप विचार केला ह्यावर. आपल्याकडे वेठीबरोबर दुसरा पण शब्द आहे, इर्जिक. गावातली माणसं बैल-नांगर घेऊन एकाच्या शेतात उतरतात, दिवसभर काम उरकतात आणि ज्याचं शेत तो सगळ्यांना जेवू घालतो. तिथेही मजुरी नाहीच. मग फरक कशात, तर मला वाटतं नाही म्हणायची मुभा आहे की नाही ह्यात. मी पहिल्या शेतावरून चौथ्या दिवशी बस धरून निघू शकले. पणजोबांना ती बस नव्हती. आणि आजही सगळ्यांना नाही. २०२४ च्या जूनमध्ये ह्याच इटलीत, रोमच्या दक्षिणेला लातिना जिल्ह्यात, एका तरुण पंजाबी शेतमजुराचा हात मशीनमध्ये तुटला आणि मालकाने त्याला दवाखान्यात न नेता घरासमोर टाकलं, तुटलेला हात भाजीच्या क्रेटमध्ये. दोन दिवसांनी रोमच्या हॉस्पिटलात त्याचा मृत्यू झाला. कागदपत्रं नाहीत, ताशी चार-पाच युरोवर काम करणारे असे हजारो आहेत तिथे. पासपोर्ट त्याचा आणि माझा एकच. मी ज्या क्रेट उचलत होते तशीच ती क्रेट. ह्याबद्दल मी मुलाशी बोलले, तो खूप वेळ गप्प होता आणि मग म्हणाला त्या आठवड्यात आम्हालासुद्धा जेवण गेलं नव्हतं. वूफिंगच्या गोड गोड पोस्ट टाकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे माहीत करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. मजा जरूर करा, मला तर ह्या तीन आठवड्यांनी पुष्कळ दिलं, पण शेतावर पोचल्यावर पहिल्याच दिवशी बघा की मालक कुठे उभा आहे. आणि नाही पटलं तर निघा, तुम्हाला निघता येतं.

शेवटच्या रविवारी आम्ही मोंतोनेला गेलो. टेकडीवरचं छोटंसं गाव, दगडी तटबंदी. तिथे २०२३ च्या जुलैमध्ये गावाने यशवंत घाडगे ह्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ बसवलंय, आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो अशा अर्थाचं वाक्य त्यावर आहे. इटलीच्या लढाईत भारतीय सैन्यातले पन्नास हजारांवर सैनिक होते, ५,७८२ परत आले नाहीत, आणि तिथे दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा आपल्या माणसांचे. घाडग्यांची कबर नाही. मी ऑलिव्हची एक डहाळी नेली होती, ती ठेवली. ढग होते त्यामुळे घड्याळावर सावली नव्हती. बाबांना व्हिडिओ कॉल लावला तर त्यांनी टोपी घातली आणि उभे राहिले, आणि मला नीट धर, हलवू नकोस म्हणाले.

नोन्ना गाडीतच बसली होती, तिचे गुडघे दुखतात. परत येताना तिने विचारलं की हा मुलगा तुमच्या गावचा का, मी म्हटलं हो, जवळचा. मग ती बोलायला लागली. १९४४ च्या उन्हाळ्यात ती सहा वर्षांची, आघाडी त्यांच्या खोऱ्यातून पुढे सरकली तेव्हा सगळं घर गोठ्याखालच्या तळघरात. बाहेर आली तर ओढ्यापाशी काळेसावळे सैनिक उतरलेले. ते मराठे होते, गढवाली होते, पंजाबी होते, तिला काय माहीत, तिला फक्त एवढं आठवतं की त्यांच्यातला एक जण दगडांवर लोखंडी पत्रा ठेवून पोळ्या भाजत होता, आणि तिची आई दारातून बघून म्हणाली, अरे, हे पण तोर्ता करतात. त्याने एक पोळी घडी घालून हिच्या हातात दिली. पातळ होती, ती म्हणाली, खूप पातळ. आम्ही घरात चार महिने गव्हाचं काही खाल्लं नव्हतं.

घरी आल्यावर मला बसवेना. सुपरमार्केटमधून तांदळाचं पीठ आणलेलं होतं, मी पाण्याची उकड काढली आणि तेस्तोवर भाकरी थापली, आईसारखी गोल नाही पण फुगली. नोन्नाने हातात घेतली, उलटसुलट करून बघितली, तुकडा खाल्ला. मान हलवली. चांगली आहे, पण ही नाही. ती अशी पांढरी नव्हती.

दुसऱ्या दिवशी, निघायच्या आधी, सुनेने तिच्या डब्यातलं कोंड्यासकट दळलेलं गव्हाचं पीठ काढून दिलं. लाटणं नव्हतं, दारूच्या रिकाम्या बाटलीने लाटलं. तेस्तो जाड असल्यामुळे तापायला वेळ लागतो पण एकदा तापला की सोडत नाही, पहिली जळाली, दुसरी कडेने कच्ची, तिसरी टम्म फुगली आणि वाफ सोडून खाली बसली. मी तिच्यावर नवं तेल लावलं आणि चार घड्या घालून नोन्नाच्या हातात दिली. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. वास घेतला. मग उभ्या उभ्या, ताट न घेता, चुलीच्या कडेला टेकून सगळी खाल्ली, सुनेने काहीतरी विचारलं तर हाताने थांब म्हणाली. शेवटचा घास संपल्यावर तिने ॲप्रनला बोटं पुसली आणि तव्याकडे बोट दाखवलं, आणखी एक.